तुपाची वाटी फडताळात

दिवाळी दिव्यांची खरी, पण तिचा पहिला दिवा जनावरापुढे लागतो. वसुबारसेच्या संध्याकाळी गाय-वासराच्या पायांवर पाणी घालावे, त्यांना ओवाळावे, आणि मग फराळाच्या डब्यांकडे वळावे, अशी आपली रीत. पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते, तेव्हा खंडोबाच्या नैवेद्यातला वाटा कुत्र्याच्या तोंडी पडतो. दत्ताची तसबीर तर गाय आणि चार कुत्री यांच्यावाचून पुरी होत नाही. तात्पर्य, जनावराला अगदी देवघरापर्यंत जागा देण्यात आपण कधी हात आखडला नाही. परंतु तेच जनावर आजारी पडले, त्याच्या पोटावर किंवा पायावर शस्त्र चालवण्याची वेळ आली, की घरातली शहाणीसुरती माणसे कशी गांगरून जातात, हे मी गेल्या काही वर्षांत पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून यंदा या सदराची बैठक मी जनावरांच्या दवाखान्यात मांडली आहे. मराठी शिकवणाऱ्या बाईने तिथे काय म्हणून डोकवावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच, की ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलणे हाही भाषेचाच विषय आहे.

आमच्या परभणीचेच पाहा. पूर्वी कुत्रे वाड्याच्या देवडीत असे आणि मांजर माजघरात. कुत्र्याने देवडी ओलांडली की घरातली वडीलधारी माणसे काठी हुडकीत. आता वसमत रस्त्याकडच्या नव्या वसाहतींतून संध्याकाळी एक फेरी मारावी. कुत्री साखळीला धरून माणसे हिंडत आहेत, की माणसांना साखळीला धरून कुत्री हिंडत आहेत, हे सांगणे अवघड जाते. देवडीतले कुत्रे ओसरीवर आले, ओसरीवरून दिवाणखान्यात आले, आणि पुष्कळ घरांत ते आता पलंगावर पोचले आहे. घरातल्या मुलांच्या लेखी ते धाकटे भावंडच असते. माया वाढली त्यात वाईट काहीच नाही. पण मायेबरोबर जे थोडे ज्ञान वाढावयास हवे, ते मात्र अजून देवडीतच खोळंबून राहिले आहे.

जनावरांवरची शस्त्रक्रिया ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. शेतकऱ्याच्या घरी बैलाला दोरांनी आडवे पाडून, चार-पाच गड्यांनी दाबून धरून काय काय केले जाई, हे ज्यांनी लहानपणी पाहिले त्यांना ते हंबरणे अजून आठवत असेल. तेव्हा भूल कोठली? माणसाच्या वाट्यालादेखील ती उशीराच आली. 16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरी मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला निजवले, आणि भर सभेत, रोग्याच्या किंकाळीवाचून शस्त्रक्रिया होऊ शकते हे जगाने पाहिले. आपल्याकडे मुंबईस परळ येथे 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. त्याच्या शेजारचे जनावरांचे रुग्णालय आजही सर दिनशा पेटिट यांच्या पत्नी सकरबाई यांच्या नावाने ओळखले जाते. मराठवाड्याला मात्र पुढे पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागली. 1972 साली परभणीस कृषी विद्यापीठ आले, त्याच साली इथले पशुवैद्यक महाविद्यालयही सुरू झाले. सन 2000 मध्ये नागपूरला पशू व मत्स्य विज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून ते त्याच्या छत्राखाली आहे. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ असे आम्ही लोक थट्टेने म्हणतो. पण लंगडणारा बैल, अडलेली म्हैस आणि पोट फुगलेले कुत्रे घेऊन जिंतूर-पाथरी-गंगाखेडकडून येणाऱ्या माणसाला परभणीच्या रस्त्याचा जो आधार वाटतो, त्यात थट्टा मुळीच नसते.

तेव्हा प्रश्न डॉक्टरांचा राहिला नाही. शस्त्र चालवणारे हात तयार आहेत, भुलेची औषधे आहेत. प्रश्न उरतो तो घरातल्या माणसांचा. शस्त्रक्रियेला तास-दीड तास लागतो. तिच्या आधीची एक रात्र आणि नंतरचे दहा-बारा दिवस घराचे असतात, आणि पुष्कळदा जनावराचे बरेवाईट त्या दिवसांतच ठरते.

इथे मला नामदेवांची गोष्ट आठवते. नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा झाला, तोवर ते आमच्याच परभणी जिल्ह्यात होते, म्हणून आम्ही या गोष्टीवर अजून हक्क सांगतो. कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ‘कोरडी खाऊ नकोस रे बाबा’ म्हणून. ही गोष्ट ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या. त्यामुळे जनावरावर माया करणे म्हणजे त्याला खाऊ घालणे, हे समीकरण आमच्या हाडीमासी खिळले आहे. ते बहुधा बरोबरच असते. पण वर्षाचे काही दिवस, काही रात्री अशा येतात की तुपाची वाटी फडताळात ठेवून फडताळाची कडी लावणे हीच खरी माया ठरते.

आमच्या घरी अशी रात्र दोन वर्षांपूर्वी आली. आमची ठकी नऊ वर्षांची, शुद्ध गावरान. माजघरातून परसदारी आणि परसदारातून पुन्हा माजघरात एवढाच तिचा प्रवास. कार्तिक सरता सरता एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे कुत्रं सारखं पाणीच पिऊ लागलंय. उन्हाळा न्हाई, काही न्हाई.” घरात शिकलेली माणसे चार, पण खूण पटली ती त्यांना. दुसऱ्या दिवशी ठकीने भाकरीला तोंड लावले नाही, पोट तटतटल्यासारखे दिसू लागले. दवाखान्यात नेल्यावर तपासणीत निघाले, की गर्भाशयात पू झाला आहे. मादी माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत, फार तर दोनेक महिन्यांत, हा रोग डोके वर काढतो, आणि तो उतारवयाकडे झुकलेल्या, गर्भाशय काढून न टाकलेल्या मादीला अधिक गाठतो. पाणी पिणे वाढणे ही त्याची ठळक खूण. पू आत साठून अंगात विष भिनू लागले म्हणजे हाती दिवस थोडे उरतात. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले, “औषधावर फार विसंबता येणार नाही. आज सलाईन लावू, जरा उभारी आणू, आणि उद्या सकाळी गर्भाशय काढून टाकू.” भुलेतला धोका किती, असे विचारले. तेव्हा त्यांनी धोका लपवला नाही. न करण्यातला धोका त्याहून मोठा आहे, एवढेच सांगितले.

त्या रात्री सलाईनने ठकीला थोडी तरतरी आली. दोन दिवसांनंतर प्रथमच तिने मान वर करून घरात इकडेतिकडे पाहिले. झाले! सासूबाईंनी दुधात भाकरी कुस्करली, वर तूप सोडले आणि वाटी तिच्यापुढे सरकवली. मी ती उचलली.

“दोन दिसांनी जनावरानं मान वर केली, अन् तू वाटी उचलायलीस?”

“आई, उद्या सकाळी तिला भूल देणार आहेत. भुलेत गिळण्याची शुद्ध राहत नाही. पोटातलं अन्न उलटून वर आलं, तर ते सरळ छातीत जाईल.”

“मग पाणी?”

“पाणी पहाटेपर्यंत चालेल म्हणाले आहेत.”

सासूबाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी ती वाटी स्वतःच्या हाताने फडताळात ठेवली, कडी लावली आणि म्हणाल्या, “मग तिच्या म्होरं बसून आपणबी जेवायचं न्हाई.” त्या रात्री आम्ही सर्वांनी आतल्या खोलीत, दार लोटून, चोरट्यासारखे जेवण उरकले. उपाशी जनावराच्या देखत खाऊ नये, हा नियम मला कोणत्याही पुस्तकाने शिकवला नव्हता. तो त्या रात्री सासूबाईंनी घालून दिला.

उपाशी ठेवण्याचे कारण एकदा नीट समजले म्हणजे हात कचरत नाही. आपण जागे असतो तेव्हा चुकून ठसका लागला तरी खोकून घास बाहेर काढतो. भूल ही रखवाली बंद पाडते. पोटात अन्न असेल तर ते घशात येते, घशातून श्वासनळीत उतरते आणि फुप्फुसांत दाह होतो. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही जनावर त्या दाहाने जाऊ शकते. धडधाकट मोठ्या कुत्र्याला किंवा मांजराला साधारण सहा-आठ तास, काही ठिकाणी त्याहून अधिक, अन्न बंद ठेवावयास सांगतात. पाणी शेवटच्या काही तासांपर्यंत चालते. पिलांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवीत नाहीत; त्यांच्या अंगातली साखर लवकर उतरते. सशाचा तर न्यायच वेगळा. त्याला उलटी होतच नाही आणि आतडी रिकामी राहिली की ती मंदावतात, म्हणून ससा आणि गिनीपिग यांना उपाशी ठेवू नये असे जाणकार सांगतात. तेव्हा शेजारणीच्या कुत्र्याला जो हिशेब सांगितला तो आपल्या पिलाला लावू नये. आपल्या जनावराचा हिशेब आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा आणि तो स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवावा. दारालाच का, तर घरात आजी असते, नातवंडे असतात, सकाळी भांड्यांना बाई येते, आणि प्रत्येकाला वाटते की आपल्या हातचे एक बिस्किट काही मोजण्यात येत नाही. आणि एवढे करूनही कोणी ते एक बिस्किट दिलेच, तर दवाखान्यात गेल्याबरोबर ते सांगून टाकावे. त्यात संकोच नको. शस्त्रक्रिया चार तास पुढे ढकलली जाईल, एवढेच.

उपासाखेरीज तयारीच्या आणखी चार गोष्टी आहेत. पहिली म्हणजे रक्ताची तपासणी. आमच्या भागात गोचिडांना तोटा नाही. गोचिडांपासून येणाऱ्या तापात कुत्रे वरून बरे दिसते, पण आत रक्त गोठवणारे कण उतरलेले असतात. अशा कुत्र्याला चीर दिली तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणून डॉक्टर तपासणी सांगतात तेव्हा ‘हा खर्च कशाला’ असे म्हणू नये. दुसरी गोष्ट, पूर्वीची हकीकत. कोणती लस कधी टोचली, कोणते औषध चालू आहे, कधी झटके आले होते काय, पूर्वी भूल दिली असता काही त्रास झाला होता काय, मादी शेवटची माजावर कधी आली होती, हे सगळे टिपून न्यावे. दवाखान्याच्या गडबडीत घरच्या माणसांना आपल्याच जनावराचे वय आठवत नाही! तिसरी गोष्ट आंघोळ. नंतर दहा-बारा दिवस पाणी लावता येणार नाही, तेव्हा प्रकृती चांगली असेल तर एक-दोन दिवस आधी आंघोळ घालून अंग कोरडे करावे. आजाऱ्याला मात्र घालू नये. चौथी गोष्ट, अंथरूण. रोजच्या वासाची एखादी जुनी चादर बरोबर न्यावी. अनोळखी पिंजऱ्यात, औषधांच्या उग्र वासात, त्या चादरीच्या वासाएवढे ओळखीचे त्याला दुसरे काही नसते.

दवाखान्याच्या दारात एक नाटक हमखास होते. साखळी परिचारकाच्या हाती देताना घरची माणसे रडू लागतात, जनावराच्या गळ्यात पडतात. त्यांचे दुःख खोटे नसते. पण जनावर आपल्या शब्दांपेक्षा आपला आवाज, आपला घाम, आपली थरथर अधिक चांगली ओळखते. धनी घाबरला की तेही घाबरते, छाती धडधडते, आणि मग भूलही जड जाते. म्हणून घरातला जो सगळ्यांत शांत असेल त्याने बरोबर जावे. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी चार प्रश्न जरूर विचारावेत: भूल कोणती, धोका कशाचा, जनावर घरी केव्हा सोडणार, आणि रात्री काही झाले तर फोन कोणाला करावयाचा. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच विसरला जातो.

जनावर घरी आले की दुसरी कसोटी सुरू होते. भूल पुरती उतरलेली नसते. कुत्रे झोकांड्या खाते, विनाकारण कुंकूं करते, मांजर डोळे उघडे ठेवून भिंतीकडे पाहत बसते. एरवी ज्या हाताने खाते त्या हातावरही ते अशा वेळी दात टाकू शकते. त्यात रागावण्याजोगे काही नाही, ते अजून आपल्यात आलेले नसते. मुलांनी भोवती गराडा घालू नये. पलंगावर किंवा जिन्याजवळ ठेवू नये, जमिनीवरच सतरंजी आणि चादर घालावी. भुलेने अंगातली ऊब उतरते. कुत्र्याच्या अंगाची नेहमीची उष्णता 101 ते 102 अंशांच्या घरात, म्हणजे आपल्याहून थोडी अधिकच. दिवाळीनंतर आमच्याकडे रात्री चांगलाच गारवा पडतो, तेव्हा अंगावर कांबळे हवे. पण गरम पाण्याची पिशवी उघड्या कातडीला थेट लावू नये, बधिर जनावर चटका बसला तरी हलत नाही. नीट शुद्धीवर आल्यावर प्रथम पाणी, तेही घोट घोट. ते पोटात ठरले तर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी थोडे हलके अन्न. पहिल्या रात्री ताटभर वाढण्याचा मोह होतो. ‘सबंध दिवस उपाशी होतं बिचारं!’ तुपाच्या वाटीने तेव्हाही फडताळातच राहावे हे बरे.

दुसऱ्या दिवसापासून जनावर जिभेने जखम चाटू पाहते. ‘कुत्र्याची जखम कुत्रंच चाटून बरी करतं’ ही समजूत जुनी आहे, पण टाक्यांच्या बाबतीत ती घात करते. जिभेने जखम ओली राहते, तोंडातले जंतू आत जातात, आणि दातांनी टाका तुटायला एक क्षण पुरतो. त्यासाठी गळ्यात नरसाळ्यासारखे एक कडे घालतात. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी दरबारी मंडळी गळ्याभोवती चुणीदार झालर घालीत, तिच्यावरून त्याला राणीचे नाव मिळाले आहे. आमच्या गल्लीतली मुले त्याला सरळ ‘भोंगा’ म्हणतात. भोंगा घातलेले कुत्रे दारांना धडकते, भांडी पाडते आणि इतक्या केविलवाण्या नजरेने पाहते की दगडालाही पाझर फुटावा. आमच्या शेजारच्या एका सद्गृहस्थांना असाच पाझर फुटला आणि त्यांनी ‘फक्त जेवणापुरता’ भोंगा काढला. गृहस्थ पाण्याचे भांडे आणायला आत गेले, तेवढ्यात कुत्र्याने तीन टाके उपसले. पुन्हा दवाखाना, पुन्हा भूल, पुन्हा उपास. दया दाखवायला घेतलेली दोन मिनिटे त्या मुक्या जिवाला आणखी पंधरवड्याला पडली.

जखमेवर काय लावावे, हा प्रश्न आजूबाजूचा प्रत्येक माणूस न विचारता सोडवतो. एक म्हणतो हळद, दुसरा म्हणतो चुना, तिसरा चुलीतली राख सुचवतो. हळदीचा मान मोठा आहे, पण डॉक्टरांनी स्वच्छ करून शिवलेल्या जखमेत पूड कोंबणे म्हणजे झाडून काढलेल्या घरात पुन्हा माती पसरणे होय. जखम कोरडी ठेवावी, माशी बसू देऊ नये, रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात पाहावी. माशीचे मुद्दाम सांगते, कारण तिने अंडी घातली की जखमेत किडे पडायला वेळ लागत नाही. बाहेरचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर आंघोळ नाही, उड्या नाहीत, जिना नाही. लघवी-शौचापुरते साखळीला धरून बाहेर न्यावे आणि लगेच परत आणावे. मांजराला उडी मारू नकोस असे सांगता येत नाही, म्हणून त्याला ज्या खोलीत कपाट, कट्टा, फळी नाही अशा लहान खोलीत ठेवावे. आणि मांजराने खाणे सोडले तर ‘खाईल उद्या’ म्हणून स्वस्थ बसू नये. दोन-तीन दिवसांचा लंघनकाळ कुत्र्याला सोसतो, पण मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृताला तो सोसत नाही.

सर्वांत कळकळीने सांगावयाचे ते औषधाबद्दल. जनावर कण्हू लागले की घरातल्या डब्यातली आपली वेदनेची गोळी काढून अर्धी मोडून द्यावी, असे दयाळू माणसाला वाटते. ती अर्धी गोळी विष ठरू शकते. आपल्या घरोघर असणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे, कारण हे औषध पचवून बाहेर टाकण्याची सोय त्याच्या यकृतात जवळजवळ नाहीच. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक. वेदनेवर जनावरांची औषधे वेगळी आहेत. ती डॉक्टरांकडून मागून घ्यावीत, आणि जरूर मागावीत. जनावर ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असे नव्हे. त्याची जात दुखणे लपवणारी आहे. कोपऱ्यात तोंड करून बसणे, खाण्यावरची वासना उडणे, हात लावताच अंग चोरणे, धाप लागणे, ही त्याची बोली. आपण ती शिकली पाहिजे. हिरड्या पांढऱ्या पडल्या, टाक्यांतून रक्त किंवा दुर्गंधीचा स्राव येऊ लागला, सूज वाढत चालली, उलट्या थांबेनात, दिवसभर लघवी झाली नाही, किंवा जनावर हाकेला उठेना, तर सकाळची वाट न पाहता तो चौथ्या प्रश्नाचा फोन फिरवावा. शौचाला मात्र पोट रिकामे असल्याने एक-दोन दिवस उशीर झाला तर घाबरू नये.

ठकी बाराव्या दिवशी टाके काढून आली आणि पहिल्यांदा कशाकडे गेली असेल, तर फडताळाकडे! सासूबाईंनी कडी काढली. आज ती अकराव्या वर्षात आहे. गावातल्या ज्या कोणाच्या घरी लहान मादी आहे त्यांना सासूबाई आता स्वतः होऊन सांगत सुटतात, की पिले नको असतील तर वेळेवर ती शस्त्रक्रिया करून घ्या, म्हातारपणी आमच्या ठकीसारखी पाळी आणू नका. सांगणे योग्यच आहे. धडधाकट तरुण जनावरावर सावकाश ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि विष भिनलेल्या म्हाताऱ्या जनावरावर घाईत केलेली शस्त्रक्रिया, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता दिवाळीपुरते थोडे. ज्या घरी टाके घातलेले जनावर आहे त्या घरी फराळाचे डबे उंचावर असावेत. लाडवांतले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना बाधतात, चॉकलेट त्याला चालत नाही, चिवड्यातला कांदा-लसूणही नाही. उरलेला फराळ पिशवीत बांधून गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवण्याची आपली सवय तर सर्वांनीच मोडावी. वसुबारसेला जिला ओवाळले तीच गाय ती पिशवी फराळासकट गिळते. पिशवी पचत नाही, पोटाबाहेर पडत नाही, वर्षानुवर्षे पोटात गोळा होत राहते. मग एके दिवशी तिला उभी ठेवून, डावी कूस बधिर करून, पोट उघडून डॉक्टरांना तो गोळा हातांनी काढावा लागतो. तोही तिला कोणी दवाखान्यात आणले तर. त्या शस्त्रक्रियेची सर्वांत चांगली पूर्वतयारी आपल्याच स्वयंपाकघरात होते: पिशवीची गाठ सोडावी आणि अन्न मोकळे करून द्यावे.

आणि शेवटी फटाके. भोंगा घातलेल्या जनावराला आवाज आधीच गोळा होऊन ऐकू येतात आणि धड पळताही येत नाही. बॉम्ब फुटला की ते कोचाखाली घुसू पाहते, आणि ज्या टाक्यांसाठी घराने दहा रात्री जागवल्या ते तिथे उसवतात. अशा जनावराला संध्याकाळपासून आतल्या खोलीत, खिडक्या लावून, कोणीतरी जवळ बसून सोबत करावी. इतरांनी आपल्या आळीत कोणाकडे असे आजारी जनावर आहे काय याची चौकशी करावी, आणि असेल तर आपल्या मुलांना फटाक्यांची पिशवी घेऊन जरा पलीकडच्या मैदानात पाठवावे. मुले ऐकतात. त्यांना कारण सांगितले, आणि तो भोंगा दुरून दाखवला, तर आपल्याआधी तीच मैदानाकडे निघतात, असा माझा अनुभव आहे.